कॉर्डलेस माईक एकमेकांत का बोलतात?

वस्तीतल्या कार्यक्रमाला आता एक माईक पुरत नाही. निवेदकाला एक, पाहुण्यांना एक, गायकाला एक, कोरसला दोन, नाटिकेतल्या मुलांना कॉलरचे माईक. साऊंडवाला सहा-आठ कॉर्डलेस घेऊन येतो. संध्याकाळी एकेक माईक 'हॅलो, हॅलो' करून तपासला जातो, तेव्हा सगळे ठणठणीत असतात. रात्री ते एकदम सुरू झाले की शिट्टी, खरखर, मध्येच आवाज गायब. कधी तर शेजारच्या मंडपातला निवेदक आपल्या स्पीकरमधून बोलू लागतो! लोक साऊंडवाल्यावर ओरडतात, साऊंडवाला माईकला थापट्या मारतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर चढलेली आपली एखादी लेक दोन वाक्यांतच गोंधळून खाली उतरते. तिचे भाषण चोख पाठ असते, पण ते कोणाच्या कानापर्यंत पोचतच नाही.

अशा वेळी माईक बिघडलेलाच असतो असे नाही. बहुतेक वेळा लहरींचा हिशेब आधी मांडलेला नसतो. तो कसा मांडायचा, हे आज सांगतो.

कॉर्डलेस माईक म्हणजे एक छोटे रेडिओ केंद्रच. हातातला माईक आवाज रेडिओ लहरींवर चढवून हवेत सोडतो आणि मिक्सरजवळ ठेवलेला रिसीव्हर तो पकडतो. प्रत्येक माईकची आणि त्याच्या रिसीव्हरची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. म्हणून पहिला नियम असा, की एका फ्रिक्वेन्सीवर एकच माईक. दोन माईक एकाच फ्रिक्वेन्सीवर आले तर रिसीव्हर ज्याचा जोर जास्त त्याला पकडतो. जोर सारखा असला तर दोघांचीही खरखर होते. स्वस्तातल्या पुष्कळ सेटची फ्रिक्वेन्सी कारखान्यातच कायमची बसवलेली असते, ती बदलता येत नाही. शेजारच्या दोन मंडपांत असे सारखेच सेट आले की एकाचा आवाज दुसरीकडे निघतो तो यामुळेच.

पण प्रत्येक माईकला वेगळी फ्रिक्वेन्सी दिली तरी भागत नाही. दोन माईक जवळजवळ चालू असले की त्यांच्या लहरी एकमेकांच्या सर्किटमध्ये शिरतात आणि त्यातून नव्याच लहरी तयार होतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. नाव अवघड असले तरी गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीचे आहे. एका माईकच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट करा आणि त्यातून दुसऱ्याची वजा करा. जो आकडा येईल तिथे एक भुताची लहर उभी राहते.

समजा तीन माईक ६००, ६०१ आणि ६०२ मेगाहर्ट्झवर लावले. दिसायला किती नीटनेटके! आता ६०१ ची दुप्पट १२०२, त्यातून ६०० गेले, उरले ६०२. म्हणजे पहिल्या दोन माईकनी मिळून तिसऱ्याच्या जागेवर भूत बसवले. उलट बाजूने १२०२ मधून ६०२ गेले की ६०० येतात. पहिल्याच्याही जागेवर भूत! सारख्या अंतराने मांडलेले माईक म्हणूनच एकमेकांना खातात. आता ६००, ६०१ आणि ६०३ घ्या. कशीही दुप्पट करून वजाबाकी करा, तिघांपैकी कोणाचाही आकडा येत नाही. चौथा लागला तर तो ६०७ वर ठेवा. ६०५ वर ठेवू नका, कारण ६०३ ची दुप्पट १२०६, त्यातून ६०१ गेले की ६०५ च उरतात. हे आकडे नुसते समजण्यासाठी आहेत. तत्त्व एवढेच, की अंतरे विषम हवीत आणि कोणतेही अंतर दोनदा येता कामा नये.

माईक वाढले की भुते किती वाढतात पाहा. याशिवाय कोणत्याही तिघांचीही, दोघांची बेरीज करून तिसरा वजा केला की, भुते होतात. ती धरून दोन माईकची भुते २, तीन माईकची ९, चारची २४ आणि आठ माईकची २२४. कागदावर हा हिशेब चारपर्यंत जमेल, आठाचा जमणार नाही. म्हणून चांगले सेट बनवणारे कारखाने तो आधीच करून देतात. सेटवर 'ग्रुप' आणि 'चॅनेल' असे आकडे असतात. एका ग्रुपमधले सगळे चॅनेल एकमेकांना त्रास होणार नाही असे निवडलेले असतात. तेव्हा सगळे माईक एकाच ग्रुपमध्ये ठेवावेत आणि प्रत्येकाला वेगळा चॅनेल द्यावा. दोन कंपन्यांचे सेट एकत्र आणले तर मात्र ही सोय राहत नाही. एकीचा ग्रुप १ आणि दुसरीचा ग्रुप १ यांचा काही संबंध नसतो. भाड्याने घेतानाच साऊंडवाल्याला सांगावे, सगळे सेट एकाच कंपनीचे आणि एकाच पट्ट्यातले आणा.

सेटवर फ्रिक्वेन्सी छापलेली असते, तीही पाहून घ्यावी. आपल्या देशात ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाईलसाठी राखलेला आहे आणि त्यातला काही भाग २०२२ च्या लिलावात विकला गेला. या पट्ट्यातला जुना सेट मोबाईलच्या टॉवरशी भांडत बसेल. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे नवे डिजिटल माईक दोन-तीन असतील तर ठीक. पण वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच चालतात. हजार माणसे खिशात मोबाईल घेऊन समोर बसली की त्या माईकना जागा अपुरी पडते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हे करावे:

१) सगळे माईक बंद ठेवून फक्त रिसीव्हर सुरू करावेत. माईक बंद असताना एखाद्या रिसीव्हरचा सिग्नलचा दिवा पेटला तर तिथे बाहेरचे कोणी आहे. तो चॅनेल सोडावा.

२) मग सगळे माईक एकदम चालू करावेत. एकेक तपासून उपयोग नाही, कारण भुते सगळे मिळूनच तयार होतात. नंतर एकच माईक बंद करावा, बाकीचे चालू ठेवावेत आणि बंद माईकच्या रिसीव्हरचा दिवा पाहावा. तो पेटलेला राहिला तर तिथे भूत आहे, चॅनेल बदलावा. असे प्रत्येक माईकचे करावे.

३) चालू माईक रिसीव्हरपासून निदान तीन मीटर, म्हणजे दहा फूट, लांब असावेत. दोन चालू माईक एका हातात धरणे किंवा टेबलावर एकाला एक लागून ठेवणे टाळावे.

४) रिसीव्हर उंचावर, स्टेज दिसेल असे आणि एलईडी पडद्यापासून दूर ठेवावेत. मधे माणसांची भिंत आली की लहरी अडतात. पुष्कळ माईकची एरियल खालच्या टोकाला असते, तिथे मूठ आवळू नये.

५) सेल नवे घालावेत. सेल उतरला की आवाज तुटतो आणि लोक त्याला लहरींचा दोष समजतात.

६) ज्याचे काम नाही तो आवाज मिक्सरवरून बंद करावा. माईक बंद करून रिसीव्हरचा आवाज उघडा ठेवला तर रिकाम्या जागी दुसऱ्याच कोणाचा आवाज घुसतो.

१४ एप्रिलच्या आठवड्यात एका रस्त्यावर तीन-चार मंडप लागतात. तिथे प्रत्येक मंडळाने स्वतःपुरते पाहून चालणार नाही. साऊंडवाल्या पोरांनी आदल्या दिवशी एकत्र बसावे, कोणाचा कोणता ग्रुप आणि कोणता चॅनेल हे एका कागदावर लिहावे आणि त्याची प्रत प्रत्येक मिक्सरवर चिकटवावी. चहाच्या एका फेरीत होणारे काम आहे.

शेवटची गोष्ट पैशाची. भाडे लोकांच्या वर्गणीतून जाते. जो माणूस जागेवरून हलत नाही त्याला कॉर्डलेस कशाला? पोडियमला वायरचा माईक द्या, स्टँडसमोर उभ्या असलेल्या कोरसला वायरचा द्या. वायरला ना भूत, ना सेलचा खर्च. आठाचे चार कॉर्डलेस झाले की भाडे वाचते आणि २२४ भुतांची २४ होतात. आणि त्या चारांतला सगळ्यात खात्रीचा माईक प्रमुख पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. त्यांना बोलायची सवय असते, खरखरीतही ते निभावून नेतात. तो माईक पहिल्यांदा बोलणाऱ्या मुलीच्या हातात द्या.