सना बातम्या वाचते, पण बातमी आणायला कोण जाणार?

बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू असते. कुणाला फार्मसीचं विचारायचं असतं, कुणाला शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख. यावेळी मगरिबनंतर टेलरकाम करणारे एक पालक बायको आणि मुलीला घेऊन आले. मुलीला कला शाखेत ७८ टक्के, मराठी आणि उर्दू दोन्हींत उत्तम गुण. चहा यायच्या आधीच वडील म्हणाले, "सर, ही म्हणते पत्रकार होणार. आता तुम्हीच समजवा. बी.ए., बी.एड. कर, शाळेत लाग, इज्जतीची नोकरी आहे. पण ऐकत नाही." आईचा प्रश्न त्याहून सरळ होता, "काही छापून आलं आणि पोलीस दारात आले तर?"

मुलगी गप्प बसली होती. आम्हीही लगेच काही बोललो नाही, कारण हेच वडील दर जुम्म्याला मशिदीबाहेर उभे राहून मीडियाला शिव्या देताना आम्ही पाहिले आहेत. "आपली बाजू कुणी दाखवतच नाही, सर." तक्रार खोटी नाही. पण बाजू दाखवायला जी माणसं लागतात ती कुठल्या घरातून येणार, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात फारसा कुणी विचारत नाही. डॉक्टर हवा, इंजिनियर हवा, आता यूपीएससीवालाही हवा. पत्रकार मात्र दुसऱ्याच्या घरातला हवा!

२००६ मध्ये योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी वृत्तपत्रे व वाहिन्यांमधील निर्णय घेणाऱ्या तीनशेहून अधिक वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली होती. त्यात मुस्लिम ३ टक्के निघाले. देशाच्या लोकसंख्येत तेव्हा १३.४ टक्के. दलित-आदिवासींची अवस्था तर याहून वाईट होती. पाहणी जुनी आहे आणि दिल्लीची आहे, पण तिच्यातला मुद्दा आजही लागू पडतो. बातमी पहिल्या पानावर घ्यायची की आतल्या पानावर, 'आरोपी' लिहायचं की 'दहशतवादी', हे संध्याकाळी सात वाजता डेस्कवर बसलेला माणूस ठरवतो. त्या खुर्चीवर आपलं कुणी नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मशिदीबाहेर तक्रार करून काय होणार?

२०२० चा मार्च-एप्रिल आठवा. तबलिगी जमातचे नाव घेऊन वाहिन्यांनी जे केले ते सगळ्यांनी पाहिले. आमच्या गावात भाजीवाल्याला आधी नाव विचारून मग भाजी घेतली जात होती. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाल्याचेही नोंदवले. तो निकाल आमच्या वर्गातल्या किती मुलांना माहीत आहे, असे एकदा विचारले. दोन हात वर आले. अफवा मात्र साऱ्या वर्गाला पाठ होती.

तेव्हा मुलीचा हट्ट चुकीचा नाही, हे आम्ही वडिलांना सांगितले. पण या धंद्यात आज जे चालले आहे तेही तिला सांगणे आमचे काम होते, आणि ते फार गोड नाही.

वर्तमानपत्र ज्या किमतीला आपण घेतो त्यात त्याचा छपाईचा खर्चही निघत नाही; ते जाहिरातीवर जगते. ती जाहिरात गेल्या पंधरा वर्षांत गुगल आणि फेसबुककडे सरकत गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाने घटली, जिल्हा आवृत्त्या आवळल्या, पगार कापले, आणि गेलेल्या नोकऱ्या सगळ्या परत आल्या नाहीत. पगाराचे म्हणाल तर मजिठिया वेतन मंडळ २०११ मध्ये लागू झाले, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते कायम केले, २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही ते लागू असल्याचे सांगितले. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या वार्ताहराला महिन्याला ठरलेला पगार असा बहुतेकदा नसतोच. त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस आला की बातमी राहू द्या, आधी पुरवणीचे टार्गेट पूर्ण करा. ज्या नगरसेवकाकडे जाहिरातीला जायचे, त्याच्याच वॉर्डातली तुंबलेली गटारे तो कशी लिहिणार? आमचा एक माजी विद्यार्थी असा दीड वर्ष राबला. एका वृत्तवाहिनीचा बूम हातात, गळ्यात ओळखपत्र, गावात मान. पेट्रोल स्वतःचे. दीड वर्षात एक रुपया मिळाला नाही, वर ओळखपत्राची अनामत रक्कमही गेली. आज तो मोबाईलच्या दुकानात आहे आणि टीव्हीवर बातम्या लागल्या की उठून जातो.

आता यात मशीन आले आहे. मार्च २०२३ मध्ये इंडिया टुडे समूहाने संगणकाने बनवलेली निवेदिका पडद्यावर आणली, तिचे नाव सना. सना हे नाव आमच्या प्रत्येक वर्गात एक-दोन मुलींचे असते. खऱ्या सनांना स्टुडिओत खुर्ची मिळायच्या आधी मशीनला ती मिळाली, याचे हसू येते आणि येतही नाही. पण सनाला जे जमते ते नीट पाहिले पाहिजे. लिहून दिलेले वाचणे, प्रेसनोट छोटी करणे, इंग्रजीचे मराठी करणे, मथळे सुचवणे, ही कामे मशीन करू लागले आहे. आणि पत्रकारितेत नवखा पोरगा नेमके याच कामांवर हात बसवायचा. म्हणजे शिडीची खालची पायरीच निघाली. "मला अँकर व्हायचंय" म्हणणाऱ्या मुलांना आम्ही हे स्पष्ट सांगतो की बेटा, वाचून दाखवणाऱ्याची गरज कमी होत जाणार आहे.

मशीन नगरपालिकेच्या सभेत जाऊन बसत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात चार तास थांबून वकिलाकडून आदेशाची प्रत मिळवत नाही. आणि मशिनला माहीत नाही की उर्दू शाळांमध्ये शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे का रिकाम्या राहतात. आम्हाला माहीत आहे. बिंदुनामावलीप्रमाणे जागा राखीव असतात, उर्दू माध्यमात त्या प्रवर्गाचे उमेदवार मिळत नाहीत, पवित्र पोर्टलवर जाहिरात येते, जागा तशीच परत जाते, आणि एक शिक्षक तीन वर्ग एका खोलीत सांभाळतो. ही बातमी आहे. आरक्षणाच्या विरोधात न जाता, यातून मार्ग कसा काढायचा हे अधिकाऱ्यांना विचारणारी बातमी. ती लिहायला उर्दू शाळेत शिकलेला आणि मराठीत शासन निर्णय वाचू शकणारा माणूस लागतो. असा माणूस आपल्या घरात तयार आहे, मोठ्या दैनिकाच्या डेस्कवर तो सापडणे कठीण.

दोन भाषांचे हे भांडवल आपण ओझे समजत आलो. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा निजामकाळातील कागद उर्दू-फारसीत निघाले आणि ते वाचणारी माणसे शोधावी लागली. साऱ्या राज्याचे राजकारण ज्या कागदांवर हलत होते ते थेट वाचू शकणारे वार्ताहर किती होते? २०२५ मध्ये वक्फचा सुधारित कायदा आला, उमीद पोर्टलवर नोंदणी सुरू झाली, तेव्हा पुन्हा तेच. जुने वक्फनामे उर्दूत, पोर्टलची भाषा वेगळी, आणि टीव्हीवर दोन्हीकडचे लोक कागद न पाहता भांडत होते. कागद वाचून, सातबारा समोर ठेवून लिहिणारा कुणी असता तर ट्रस्टींचे घोटाळेही बाहेर आले असते आणि कायद्यातली अडचणही. हो, ट्रस्टींचेसुद्धा. पत्रकार आपला झाला म्हणजे तो आपलेच गुणगान करणार, अशी समजूत असेल तर मुलांना या क्षेत्रात पाठवू नये. सूरह हुजुरातमध्ये आणलेली खबर पारखून घेण्याचा हुकूम आहे. आपल्या फायद्याची खबर त्यातून वगळलेली नाही. रावी कोण, त्याने कुणाकडून ऐकले, तो खरा माणूस आहे का, हे तपासण्याची सवय आपल्या उलेमांनी शतकानुशतके लावली. व्हॉट्सअॅप आल्यावर ती नेमकी कुठे गेली?

आईच्या प्रश्नाकडे परत येऊ. पोलीस दारात येऊ शकतात. सिद्दीक कप्पन ऑक्टोबर २०२० मध्ये हाथरसला निघाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तुरुंगाबाहेर आले. आल्ट न्यूजचे मोहम्मद जुबैर, जे मुळात सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यांना जून २०२२ मध्ये चार वर्षांपूर्वीच्या एका ट्विटवरून अटक झाली. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. पण हे आपल्याच वाट्याला येते असे समजू नका. राजापूरचे शशिकांत वारिशे यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी छापून आली, त्याच दिवशी जीपने त्यांना चिरडले, खुनाचा गुन्हा दाखल झाला. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता. कायदा असूनही वारिशे गेले. आईला आम्ही खोटा दिलासा दिला नाही. एवढेच म्हणालो, की ज्याच्याकडे प्रत्येक वाक्याचा कागद असतो त्याच्या पाठीशी उभे राहणे वकिलाला सोपे जाते, आणि एकट्याने चॅनेल चालवणाऱ्या पोरापेक्षा संस्थेत शिकलेला थोडा सुरक्षित असतो.

कारण आता प्रत्येक मोहल्ल्यात एक यूट्यूब चॅनेल आहे. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण लागते, आणि त्यानंतरही जे येते त्यात घर चालत नाही. मग व्ह्यूजसाठी भांडण दाखवा, अमुक मौलानांचा 'करारा जवाब' दाखवा. ज्या मीडियाला शिव्या देतो त्याचीच छोटी नक्कल आपण दाढी-टोपीत करतो. हे कडू आहे, पण आमच्याच माजी विद्यार्थ्यांचे तीन चॅनेल पाहून लिहितो आहोत.

दानिश सिद्दीकी यांची वाट या मुलांनी नीट पाहावी. जामियात शिक्षण, मग टीव्हीवर वार्ताहराची नोकरी. ती सोडून २०१० मध्ये ते रॉयटर्समध्ये छायाचित्रणासाठी इंटर्न म्हणून गेले. नोकरी असलेला माणूस इंटर्न होतो, म्हणजे वरून खाली येतो, आपल्या घरात यावर केवढा गहजब झाला असता! २०१८ मध्ये रोहिंग्यांवरील छायाचित्रांसाठी त्यांच्या चमूला पुलित्झर मिळाले. जुलै २०२१ मध्ये कंदहारजवळ ते मारले गेले आणि २०२२ मध्ये मरणोत्तर पुन्हा पुलित्झर.

त्या संध्याकाळी आम्ही मुलीला जे सुचवले ते असे. बी.ए. कर, वडिलांचे ऐक, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घे. नुसत्या पत्रकारितेच्या पदवीपेक्षा विषयाची पकड जास्त कामाला येते. नंतर पुण्याचे रानडे, अमरावतीला आयआयएमसीचा मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम, दिल्लीला जामिया, हैदराबादला मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ, जिथे नंबर लागेल तिथे. तोवर मराठी टायपिंग, इंग्रजी वाचन आणि जिल्हा न्यायालयात महिन्यातून दोन दिवस. अनुवादाचे काम हाताशी ठेव, म्हणजे जाहिरातीसाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. वडिलांनी विचारले, "पण पगार किती?" सुरुवातीला कमी, बी.एड.वाल्या विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकासारखाच, असे सांगितल्यावर ते हसले. आमच्याच शाळेतला पगार त्यांना माहीत आहे.

मग आम्ही त्यांना विचारले, की तुम्ही स्वतः कुठल्या वर्तमानपत्राचे पैसे देता? देत नव्हते. पीडीएफ फुकट येते ग्रुपवर. आमच्या ओळखीच्या शंभर घरांत हेच उत्तर येईल. लग्नात एका वेळच्या बिर्याणीला जे जाते त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एक वार्ताहर वर्षभर नीट पगारावर ठेवता येतो, हा हिशेब कुठल्याही जमातीच्या बैठकीत मांडून पाहावा. १९३८ मध्ये मुंबईत अब्दुल हमीद अन्सारी यांनी 'इन्किलाब' काढला. तो वाचकांनी विकत घेतला म्हणून टिकला, आणि २०१० मध्ये जागरण समूहाने घेतला तो विकत घेण्यासारखा होता म्हणूनच.

मुलीने बी.ए.ला प्रवेश घेतला आहे. वडिलांची अट एकच, बी.एड.चा विचार सोडायचा नाही. ती म्हणाली ठीक आहे. मागच्या आठवड्यात तिने माहिती अधिकारात पहिला अर्ज टाकला, आपल्या तालुक्यातल्या उर्दू शाळांत मंजूर पदे किती आणि भरलेली किती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प वडिलांनीच आणून दिला. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आले की तिच्याच नावाने इथे छापायला पाठवू.