बांध त्यांचा, पाटी आमची

या उन्हाळ्यात गिरणीची साप्ताहिक सुटी धरून गावी गेलो, तेव्हा जलसंधारणाच्या कामांचं मूल्यमापन करणारी तीन पोरं आली होती. चावडीवर बसली. शेतकऱ्यांना बोलावलं, शेततळी बघितली, फोटो काढले. बौद्धवाड्यात काही आली नाहीत. मीच जाऊन विचारलं, आमच्याकडं कधी येता? त्यातलं एक पोरगं बिचारं खाली बघत म्हणालं, "फॉर्म गट नंबर टाकल्याशिवाय पुढं सरकतच नाही."

त्या पोरावर माझा राग नाही. राग आहे त्या रकान्यावर.

दोस्तांनो, खाजगी मालकाच्या वावरात सरकारी मदतीनं माती-पाणी राखायचं ही गोष्ट काल-परवाची न्हाई. मुंबई प्रांतात त्यासाठी 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी आली, 1977 साली तिचा कायदा झाला. माझी आजी त्या दुष्काळात बांधावर पाट्या वाहत होती. माती अडली, जमीन सुधारली, जमिनीचा भाव चढला. तो चढलेला भाव कुणाच्या घरात गेला? आजीला मजुरी मिळाली, ती त्याच आठवड्यात पोटात गेली. बांध अजून हाय. आजीच्या मानेचं दुखणंबी हाय.

कुणी म्हणेल, तुमची जमीन का नाही? होती की. वतनाची होती. 1958 च्या कायद्यानं वतन खालसा झालं, आणि जमीन नावावर करायला कब्जेहक्काची रक्कम भरा म्हणाले. ज्याच्या चुलीवर तवा नाही त्यानं भरायची! ती जमीन पुढं कुणाकडं गेली ते गावाला ठाऊक आहे. आज तिच्यात शेततळं आहे. सातबारा कोरा करा म्हणून मोर्चे निघतात. आमचा सातबारा इतका कोरा की कागदच नाही.

आता त्या शेततळ्याचं बघा. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' निघालं. 50,000 रुपयांपर्यंत अनुदान. नाव ऐकून आमचा चुलता खरंच मागायला गेला. अट काय, तर नावावर किमान 0.60 हेक्टर पाहिजे, म्हणजे जवळजवळ दीड एकर. मागेल त्याला नाही, असेल त्याला!

बरं, तळ्यात पावसाचं वाहून जाणारं पाणी धरावं, ही मूळ कल्पना. ती चांगलीच. पण आमच्या गावात काय झालं? तळ्याला प्लास्टिक अंथरलं. प्लास्टिकातून जमिनीत थेंब मुरत नाही. मग बोअर मारून भुईतलं पाणी उपसायचं आणि वर उन्हात साठवायचं. निम्मं डाळिंबाला, बाकीचं सूर्याला. याला संधारण म्हणतात! बौद्धवाड्याचा हापसा पूर्वी मे महिन्यात दम टाकायचा, आता फेब्रुवारीतच खडखडतो. आणि कायदा? 1882 चा इंग्रजांचा सुविधाधिकार कायदा सांगतो, जमीन ज्याची, तिच्या पोटातलं पाणी उपसायचा हक्क त्याचा. पुढं 2009 चा म्हणून भूजलाचा कायदा आला खरा, हापश्याला मात्र तो अजून कळलेला नाही.

जलयुक्त शिवारचं घ्या. साडेनऊ हजार कोटींवर खर्च झाला, आणि भूजल वाढवण्यात फारसं यश आलं नाही असं कॅगनं 2020 साली लिहिलं. पेपरात भांडण जुंपलं, पातळी वाढली की नाही. वाढलेलं पाणी कुणाच्या मोटारीनं ओढलं, यावर मी तरी एक ओळ वाचली नाही.

बांधबंदिस्तीनं भलं झालं नाही असं मी म्हणत नाही. माती वाचली, आईला तोडणीची कामं चार दिवस जास्त मिळाली. पण चार दिवसांची रोजंदारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मालकी एका तराजूत घालून "सगळ्यांचाच फायदा" लिहिणारा माणूस एकतर भाबडा, नाहीतर लबाड.

दुसरं काही होऊच शकत नाही असंही नाही. पुरंदरात नायगावला विलासराव साळुंख्यांनी 1974 पासून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या डोक्यांवर वाटायचं. भूमिहीनालाही हक्क. उसाला बंदी. बाबासाहेब तर 1947 सालीच सांगून गेले, शेती राष्ट्राच्या मालकीची करा आणि जात न बघता गावाला कसायला द्या. ते पचलं नाही, ठीक. ठेवा मालकी. पण सरकारचा पैसा ज्याच्या वावरात जिरतो त्याला अट तरी घाला. तळं घेतलंस तर बोअरचं पाणी त्यात सोडायचं नाही. हापसा आटला तर पहिला घडा वस्तीचा.

आणि आपणही जरा आरशात बघू. चवदार तळ्यावर दरसाल कविता होतात, मीही पाडल्यात. शेततळ्यावर कुणाची एक ओळ दाखवा! 1927 ला पाण्याला शिवायचं होतं. आता तारेच्या कुंपणापल्याड निळं प्लास्टिक चमकतं, आणि आम्ही 'ज्याची त्याची जमीन' म्हणून गप्प.

त्या पोराला मी वहीचं पान फाडून दिलं. वाड्यातली घरं किती, हापसा कुठल्या महिन्यात आटतो, कुणी कुठल्या बांधावर किती दिवस काम केलं. त्यानं घडी घालून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तेच लेखी देणार आहे. रजा मिळाली नाही तर आई देईल. तिला सही करता येते.