पौर्णिमेचा नारळ आणि दोन वेळची गोळी

श्रावणातली पौर्णिमा जवळ आली की आपल्या किनाऱ्याचा नूर पालटतो. थळ-वरसोलीपासून रेवदंड्यापर्यंत आणि पुढे एकदरा, राजपुरी, भरडखोल, जीवना बंदरापर्यंत, दोन महिने झावळ्यांखाली विसावलेल्या होड्यांवर नवा रंग चढतो, जाळी सांधली जातात, इंजिनाला तेलपाणी होते आणि सोनेरी कागदाने सजलेला नारळ वाजतगाजत धक्क्याकडे निघतो. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीची मुदत सरकारी कागदावर केव्हाच संपलेली असते. पण आपल्या मनातला दर्या मोकळा होतो तो नारळ पाण्यात सोडल्यावरच. आणि त्याच दिवशी घरोघरी बहिणी राखी घेऊन येतात, नारळीभाताचा वास ओटीपर्यंत दरवळतो, मुंबईला गेलेली माणसे दोन दिवसांसाठी का होईना, घरी परततात.

वर्षभर जिच्यावर विसंबायचे ती होडी या दिवसांत नीट पारखून घेतली जाते. तशीच पारख घरातल्या माणसांचीही व्हावी, आणि विशेषतः त्यांची, जी यंदा मिरवणुकीत नाचायला न उतरता पडवीतूनच पाहत बसली आहेत. प्रत्येक कोळीवाड्यात, प्रत्येक आळीत असा एखादा तांडेल, एखादी बाजारात टोपली घेऊन उभे आयुष्य काढलेली मावशी आज असते. चार पावले चालले की दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात, रात्री आडवे पडले की धाप लागून उठून बसावे लागते. डॉक्टरांनी ‘पंपिंग कमी झालंय’ असे सांगितलेले असते आणि औषधांच्या पिशवीत एक गोळी दिवसातून दोनदा घ्यायची म्हणून दिलेली असते. ती गोळी म्हणजे सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन या दोन औषधांचा जोड. गेल्या काही वर्षांत ती आपल्या गावांपर्यंत पोचली आहे. ती का घ्यायची, हे मात्र घराघरांत पोचलेले नाही.

आधी त्या पंपिंगच्या आकड्याची भीती जरा हलकी करायला हवी. टू-डी इकोच्या कागदावर ‘३० टक्के’ वाचून घर हादरते. हृदयाचा सत्तर टक्के भाग गेला, असा अर्थ काढला जातो. तसे ते नसते. निरोगी हृदयही दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले सगळे रक्त बाहेर ढकलत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच ढकलते. आकडा ४० किंवा त्याखाली गेला की हृदयाचा स्नायू दुबळा झाला, असे डॉक्टर मानतात. कधी पूर्वीच्या हृदयविकाराच्या झटक्याने, कधी वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने, कधी दारूने, कधी लहानपणीच्या सांधेतापाने झडपा बिघडल्याने ही अवस्था येते. आणि ती आपल्याकडे लवकर येते. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली १,२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद झाली, तेव्हा त्यांचे सरासरी वय एकसष्टच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने सत्तरी ओलांडलेल्यांचा. आपल्याकडे तो हातात अजून सुकाणू असलेल्या माणसाला गाठतो.

हृदय दुबळे झाले की रक्त पुढे नीट जात नाही, आणि शरीर त्याचा भलताच अर्थ लावते. मूत्रपिंडांना वाटते, शरीरात पाणीच कमी पडले. मग अँजिओटेन्सिन नावाचे रसायन वाढते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ आणि पाणी धरून ठेवले जाते. आणि आधीच थकलेल्या हृदयावर आणखी ओझे पडते. पायांवरची सूज आणि छातीतली धाप या धरून ठेवलेल्या पाण्याचीच असते. पण हृदयही हातावर हात ठेवून बसत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड या शास्त्रज्ञाने उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागले. हृदय स्वतःच असे पदार्थ बनवते, जे रक्तवाहिन्या सैलावतात आणि साठलेले मीठ-पाणी बाहेर काढतात. रक्त ढकलणारा तो स्नायू स्वतःच्या बचावाची सोयही करून ठेवतो, हे कळल्यावर त्याच्याविषयी मनात आदरच दाटून येतो.

अडचण इतकीच, की नेप्रिलायसिन नावाचे एक विकर हे हितकारी पदार्थ लवकर मोडून टाकते. सॅक्युबिट्रिल या विकराला आवरते, म्हणजे हृदयाने स्वतःच तयार केलेले औषध अधिक वेळ टिकते. पण हेच विकर त्या घातक अँजिओटेन्सिनलाही मोडत असते. त्याला एकट्यालाच आवरले तर अँजिओटेन्सिन वाढेल. म्हणून सोबत व्हल्सार्टन, जे अँजिओटेन्सिनला त्याच्या जागी पोचूच देत नाही. होडीत पाणी शिरले तर एकाने उपसायचे आणि दुसऱ्याने फट बुजवायची, हे आपल्या माणसांना सांगावे लागत नाही; एका गोळीत दोन औषधे का, याचे उत्तर तेच आहे.

या जोडीचे मोल मोठ्या परीक्षेत सिद्ध झाले. ४७ देशांतल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवर ती एनॅलाप्रिल या जुन्या, चांगल्या औषधाशी ताडून पाहिली गेली आणि फायदा इतका स्पष्ट दिसला, की परीक्षा मुदतीआधीच थांबवावी लागली. २०१४ साली निष्कर्ष जाहीर झाले. सव्वादोन वर्षांच्या सुमारास जुन्या औषधावरच्या दर शंभरांतल्या २६-२७ जणांना हृदयविकाराने मृत्यू आला किंवा या आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. नव्या जोडीवर हे प्रमाण २२ च्या घरात राहिले. शंभरांत चार-पाच माणसे म्हणजे काय, हे ज्या घरातला माणूस त्या चार-पाचांत असतो त्या घराला विचारावे.

आणि तरीही कित्येक वर्षे ही गोळी आपल्या आवाक्याबाहेरच होती. महिन्याचा खर्च ऐकूनच अनेक घरांनी चिठ्ठी घडी करून ठेवली. २०२३ च्या जानेवारीत भारतातले तिचे मुख्य पेटंट संपले, अनेक देशी कंपन्यांनी ती बनवायला घेतली आणि किंमत निम्म्यावर, कित्येकदा त्याहूनही खाली आली. ज्यांनी तेव्हा खर्चापायी नाद सोडला होता, त्यांनी डॉक्टरांकडे आणि जनऔषधी केंद्रात आता पुन्हा विचारावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

स्वस्ताईबरोबर एक गोंधळही आला. तेच औषध पाच नावांनी मिळू लागले. मुंबईच्या रुग्णालयाने एक नाव लिहिले, अलिबागच्या दुकानदाराने दुसरे दिले, आणि घरात दोन्ही पाकिटे वेगवेगळी समजून दोन्ही गोळ्या सुरू राहिल्या, असे होऊ शकते. रक्तदाबाची जुनी टेल्मिसार्टनची गोळीही व्हल्सार्टनच्याच कुळातली. ती सोबत चालू ठेवायची की नाही, हे विचारल्याशिवाय ठरवू नये. रामिप्रिल, एनॅलाप्रिल यांसारखी औषधे तर या गोळीबरोबर मुळीच चालत नाहीत. ती बंद करून निदान ३६ तास गेल्याशिवाय ही सुरू करायची नसते, कारण दोन्ही एकत्र आली तर ओठ, जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडण्याचा धोका असतो. गरोदरपणात हे औषध वर्ज्य आहे. तरुण सुनेला किंवा लेकीला ते लिहिले गेले असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार आधी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवा.

पाकिटावर ५०, १००, २०० असे आकडे असतात. ती दोन औषधांची बेरीज आहे: २४ आणि २६, ४९ आणि ५१, ९७ आणि १०३ मिलिग्रॅम. सुरुवात लहान गोळीने होते, दोन ते चार आठवड्यांनी ती दुप्पट होते, आणि सोसेल तिथपर्यंत वाढवली जाते. इथेच घरे घाबरतात. गोळी वाढली म्हणजे आजार वाढला, असे समजून कोणी ती अर्धी तोडून घेते. खरे तर ज्या मात्रेने परीक्षेत जीव वाचले त्या मात्रेकडे डॉक्टर आपल्याला हळूहळू नेत असतात. चक्कर आली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब उतरला असू शकतो. तसे जरूर सांगावे, कारण लाटांवर हलणाऱ्या होडीत ती अंधारी जिवावर बेतू शकते. पण आपल्या मनाने गोळी तोडू नये. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. एखादी वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. आणि जाळे ओढून ओढून भरलेल्या पाठीसाठी डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणण्याची आपली सवय तर इथे फार महागात पडते. ती मूत्रपिंडांना इजा करते आणि पाणी पुन्हा साठवते.

आता नारळाविषयी. आजाऱ्याला भेटायला जाताना अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाड्यांमधली शहाळी घेऊन जाणे ही आपली रीत, आणि ती मायेची आहे. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. एका शहाळ्यातून ते पाचशे मिलिग्रॅमहून अधिक पोटात जाऊ शकते. ही गोळी शरीरातले पोटॅशियम वाढवते. सोबत बहुधा स्पायरोनोलॅक्टोन असते, तीही वाढवते. मूत्रपिंडे थोडी थकलेली असतील, तर रक्तात ते इतके साचू शकते की हृदयाचा ठोकाच बिघडावा. म्हणून गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत, आणि पुढेही मात्रा वाढेल तेव्हा, रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचे असते. ते अहवाल येईपर्यंत तरी रोजची शहाळी थांबवावीत. शहरातून आलेली मंडळी कौतुकाने जे ‘कमी सोडियमचे मीठ’ आणतात, त्यातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. ताटातला घासभर नारळीभात वेगळा. त्यासाठी कोणाचा सण मोडायला नको.

मिठाचे पथ्य मात्र आपल्या किनाऱ्यावर खरोखर कठीण. पावसाळ्यात ओली मासळी नसते तेव्हा मिठात मुरवलेला बांगडा, खारवलेली सुरमई, लोणचे, पापड हेच तोंडी लावणे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमहून, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खायला सांगते. खाऱ्या मासळीच्या दोन तुकड्यांनी त्यातला मोठा वाटा संपतो. नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी येऊ लागते, हे या रुग्णांच्या दृष्टीने सुदैवच. कालवणात मीठ बेताचे आणि आंबट सढळ ठेवले, तर चव फारशी बुडत नाही.

सगळ्यात घातक असते ते बरे वाटणे. तीन-चार महिने गोळी नीट घेतली की सूज उतरते, जिना चढवतो, झोप लागते, आणि ‘आता कशाला’ म्हणून पाकीट फडताळात जाते. हे बरे वाटणे गोळीनेच दिलेले असते. बंद केल्यावर पाणी लगेच साठत नाही, हळूहळू साठते. म्हणूनच दोष गोळी थांबवण्यावर येत नाही, हवेवर नाहीतर दगदगीवर येतो. पावसाळ्यात तर अडचण आणखी वाढते. लाँचेस बंद, रस्ते खचलेले, वीज गेलेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर उतरले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या कितीतरी घरांवर छप्पर राहिले नाही. अशा काळात महिनाभराची औषधे पाण्यापासून सुरक्षित डब्यात असणे ही तांदूळ-डाळीइतकीच मूलभूत बेगमी आहे.

म्हणून राखी बांधायला आलेल्या बहिणीने भावाच्या मनगटाबरोबर घोटाही पाहावा. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि खळगा तसाच राहिला, तर ती सूज आहे. ओवाळणीच्या उलट एक भेट या वर्षी बहिणीनेही द्यावी: घरी ठेवायचा साधा वजनकाटा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, रोज एकाच वेळी वजन करायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते खाण्याचे नसते, पाण्याचे असते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे.

आणि जे एका घराच्या कुवतीबाहेरचे आहे, ते गावाने मागावे. पौर्णिमेच्या आगेमागेच १५ ऑगस्टची ग्रामसभा असते. तिच्या विषयपत्रिकेवर जेटीची दुरुस्ती आणि डिझेलचा परतावा जसा असतो, तसा यंदा आणखी एक विषय घालता येईल: प्राथमिक आरोग्य केंद्रात पोटॅशियम आणि क्रिएटिनिनसाठी रक्ताचा नमुना कोणत्या वारी घेतला जातो, अहवाल किती दिवसांत मिळतो, आणि जनऔषधी केंद्रात ही गोळी तिन्ही मात्रांत बारमाही ठेवली जाईल का. उत्तर लेखी मागावे, आणि मच्छीमार सोसायटीच्या फलकावर, हवामानाच्या सूचनेशेजारी, लावावे.