ससा जेवला नाही? सकाळची वाट बघू नका

परीक्षा संपत आल्या आहेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अनेक घरांत मुलांना सुट्टीची भेट म्हणून सशाचं पिल्लू येईल, गिनीपिगची जोडी येईल, बजीचा पिंजरा येईल. त्याच दिवसांत उन्हाचा पारा चाळिशीकडे निघालेला असेल. मी या छोट्या प्राण्यांवर उपचार करणारी पशुवैद्य आहे, आणि उन्हाळ्यात टेबलावर ठेवलेल्या सशाबरोबर एक वाक्य मला हमखास ऐकू येतं: "कालपासून काही खाल्लं नाही, वाटलं उन्हामुळे असेल." त्या ‘कालपासून’मध्येच त्याचा जीव अडकलेला असतो. म्हणून हे आवाहन आत्ताच.

ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं तर शत्रूच्या नजरेत भरायचं, म्हणून ते शेवटपर्यंत लपवायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. कुत्रा कण्हतो, ससा कोपऱ्यात अंग आखडून बसतो आणि घरच्यांना वाटतं, शांत बसलाय बिचारा. त्याचं आतडं सतत हलतं राहिलं तरच तो जगतो. उलटी त्याला होतच नाही. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, वायूनं दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. एवढ्यानंही जीव जातो, आणि त्याला फार दिवस लागत नाहीत. सशानं किंवा गिनीपिगनं १२ तास काही खाल्लं नसेल, किंवा लेंड्या बंद झाल्या असतील, बारीक झाल्या असतील, तर ती तातडीची वेळ समजा. तो दात कराकरा वाजवत असेल, कान गार पडले असतील किंवा पोट ढोलासारखं ताठ झालं असेल, तर १२ तासही मोजत बसू नका. पोट ताठ असताना सिरिंजनं तोंडात काही भरवू नका, तसेच निघा.

निघायचं कुठे, हा प्रश्न रात्री अकराला पडू नये यासाठीच एवढं लिहिते आहे. कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टर सशांचाही डॉक्टर असेलच असं नाही, कारण एकाला चालणारं औषध दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. घरोघरी लहान मुलांसाठी आणलेलं ॲमॉक्सिसिलिनचं सिरप उरलेलं असतं. त्याचे काही थेंब सशाला किंवा गिनीपिगला तोंडातून दिले, तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी ठरतो. सशाची खरूज ज्या आयव्हरमेक्टिननं बरी होते, ते कासवाला दिलं तर कासव मरू शकतं. कुत्र्याला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, सशाला तसं ठेवायचं नसतं. म्हणून औषधाच्या दुकानात विचारून, शेजाऱ्याच्या सल्ल्यानं किंवा मोबाइलवर बघून यांना कुठलंही औषध देऊ नका. खरजेवर रॉकेल किंवा गाडीचं तेल तर मुळीच चोळू नका.

तुमच्या भागातल्या दवाखान्यांना फोन करा आणि सरळ विचारा: तुम्ही ससे बघता का, पक्षी बघता का? शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायला सांगता का? रात्री काही झालं तर कुणाकडे जायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका. मुंबई-पुण्याबाहेर असा डॉक्टर सापडणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करा. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे अशी महाविद्यालयं आहेत. माझ्या व्यवसायबंधूंनाही कळकळीची विनंती आहे. हा प्राणी आपण बघत नसू तर तसं स्पष्ट सांगा आणि जो बघतो त्याचा नंबर हातात द्या. "बघू, एक इंजेक्शन देऊन टाकतो" असं या प्राण्यांच्या बाबतीत म्हणू नका.

आता ऊन. सशाला घाम येत नाही, धापा टाकूनही त्याचं अंग फारसं निवत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याला कान तेवढे आहेत. खोलीचं तापमान तिशीपर्यंत गेलं की त्याला धोका सुरू होतो. बाल्कनीतला पिंजरा आजच आत घ्या. पत्र्याखाली, गच्चीवर, बंद गाडीत त्याला ठेवू नका. बसायला शहाबादी फरशीचा तुकडा द्या, माठ आडवा ठेवून द्या, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. ससा लुळा पडलेला, तोंड उघडं टाकून श्वास घेताना दिसला तर कान आणि पाय साध्या पाण्यानं ओले करा, पंख्याखाली ठेवा आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानंही जीव जातो. पाऊस सुरू झाला की संकट वेगळं येतं: सशाचा मागचा भाग ओला, घाण राहिला तर माश्या बसतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. तेव्हा रोज उलटं करून बघायचं, एवढाच उपाय.

खाण्याबद्दल थोडं ठासून सांगते, कारण दवाखान्यात येणारी बरीचशी दुखणी तिथूनच सुरू होतात. सशाचं अन्न म्हणजे गवत. गाजर नव्हे, पोळी नव्हे, पाव-बिस्किट तर नव्हेच. त्याचे पुढचे दात वर्षाला साधारण १०-१२ सेंटीमीटर वाढतात, आणि तंतुमय गवत तासन् तास चावल्यानंच सगळे दात झिजतात. गवत नसलं की दाढांना टोकं येतात, ती जिभेत आणि गालात रुततात, आणि भुकेला ससा समोरचं खाणं हुंगून मागे फिरतो. परदेशी गवताची महागडी पाकिटं परवडत नसतील तर फवारणी न केलेली स्वच्छ हरळी सावलीत वाळवून द्या, ती चांगली चालते. देवळाबाहेर गाईसाठी विकायला ठेवलेला लसूणघास मात्र मोठ्या सशाचं रोजचं खाणं करू नका. त्यात कॅल्शियम फार असतं आणि त्यातून मूत्रमार्गाचे त्रास होतात. गिनीपिगचं शरीर आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. त्याला रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर मिळायला हवी, नाहीतर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि तो चालेनासा होतो.

पोट भरलं, ऊन लागलं नाही, तरी दीड फुटाच्या पिंजऱ्यात जन्म काढणारा प्राणी निरोगी राहत नाही. ससा उकरतो, धावतो, उड्या मारतो, कुरतडतो. तो गजांना चावत बसतो ते खोडी म्हणून नव्हे, त्याला दुसरं काही करायलाच ठेवलेलं नसतं. रोज काही तास त्याला खोलीत मोकळं सोडा. विजेच्या वायरी आधी उचलून घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारं कापा, आत कागदाच्या पट्ट्या आणि गवत कोंबा, कोथिंबिरीच्या चार काड्या त्यात लपवा. तो अर्धा तास शोधत राहील, आणि त्याला तसंच जगायचं असतं. त्याला सोबत हवी असते, पण जोडी लावण्याआधी नसबंदी करून घ्या. मादीची तर कराच. वय वाढलं की नसबंदी न झालेल्या मादीला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण फार मोठं आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ सालापासून गिनीपिगला एकटं ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. आपल्याकडे तसा कायदा येण्याची वाट कशाला बघायची? हॅमस्टरला मात्र एकटंच राहायचं असतं. त्याला खोल भुसा द्या आणि सपाट पृष्ठभागाचं मोठं चाक द्या; तारेच्या चाकात पाय अडकून मोडतात.

पक्ष्यांचा पिंजरा स्वयंपाकघराजवळ असेल तर आजच हलवा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारते. डासांची कॉइल आणि धूपही त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. नुसत्या राळ्यावर बजी जगवू नका. कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्यात उलटी टांगा, मक्याचं कणीस द्या, त्यांना ओरबाडू द्या. पिसं फुगवून तळाशी बसलेला पक्षी फार आजारी असतो, त्याच दिवशी दाखवा.

प्लॅस्टिकच्या वाडग्यातल्या लाल कानाच्या कासवाला पोहायला खोल पाणी, चढून बसायला कोरडी जागा आणि थेट ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, त्यातले आवश्यक किरण काचच अडवते. पाठ मऊ पडली किंवा डोळे सुजले तर डॉक्टरकडे न्या. मोठं झालं म्हणून तळ्यात सोडू नका. ते मूळचं अमेरिकेचं, आणि जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा ते बळकावतं. आपला हिरवा पोपट, मुनिया, चांदणी कासव तर विकत घेणं आणि पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. असा प्राणी घरात असेल किंवा कुठे विकताना दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

सुट्टीत गावी जाताना बंद फ्लॅटमध्ये पाण्याची वाटी भरून कुणालाही मागे ठेवू नका. दिवसातून दोनदा येऊन लेंड्या बघेल असा माणूस आधी शोधा, तो मिळत नसेल तर प्राणी घेऊच नका. आणि जमत नाही म्हणून पांढरा ससा टेकडीवर नेऊन सोडू नका. तो कुत्र्यांच्या तोंडी जातो.

आज एक काम करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा, त्यावर टोपली ठेवा, तुमच्या प्राण्याचं वजन करून कॅलेंडरवर लिहा. दर आठवड्याला त्याच वेळी पुन्हा करा. ३५ ग्रॅमच्या बजीचं वजन तीन-चार ग्रॅमनी, किंवा दोन किलोच्या सशाचं दोनशे ग्रॅमनी उतरलं, तर तो वरून कितीही ठणठणीत दिसो, डॉक्टरकडे न्या. मग दवाखान्यांना फोन लावायला घ्या. दुपारी बरेच दवाखाने बंद असतात, संध्याकाळी पाचनंतर लावा.