चूल दिली, कुंचा कोणी द्यायचा?



पऱ्हाटी, पाचट, भुईमुगाची टरफले दळून, दाबून केलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारी पंख्याची चूल आमच्यापैकी काही घरांत आली. धूर नाही, भांडे काळे होत नाही. खोटे कशाला बोला, पहिले दोन महिने हे अगदी खरे होते. मग चूल धुरू लागली, माळ्यावर गेली आणि पुन्हा तीन दगड मांडले गेले.

आम्ही एक चूल खाली काढून उघडली. जाळीवर काचेसारखा कडक खडा. हवेची निम्मी भोके बुजलेली. पंख्याच्या पात्यांवर राखेचा थर. हवा जाणार कुठून? चांगल्या लाकडाची राख शेकडा एक-दोन. पाचट-पेंढ्याची कित्येक पट जास्त. तिच्यात पालाश असतो, म्हणून ती भर आचेत वितळते आणि जाळीवर थिजते. (हाच पालाश आपण पोत्याने विकत आणतो! राख खताच्या खड्ड्यात टाका, खारवट जमिनीत मात्र नको.)

चूल पुरती निवल्यावर रोज राख झाडायची, खडा काढायचा, सायकलच्या तारेने भोके मोकळी करायची. आठवड्याला पंखा कोरड्या कुंच्याने पुसायचा, पाणी लावायचे नाही. कांड्या झाकणाच्या डब्यात ठेवायच्या; ओल लागली की फुगून त्यांचा भुसा होतो. दहा मिनिटांचे काम. पण चूल देणाऱ्याने ते सांगितलेच नाही. पंखा जळाला तर सुटा मिळत नाही, नवी चूल घ्या म्हणतात.

हे पूर्वीही घडले आहे. निर्धूर चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला, २००२ साली बंद झाला. किती चुली बसवल्या ते मोजले गेले. धुराड्यातली काजळी कोणी काढायची, ते बहुतेक गावांत कोणी शिकवले नाही. चुली पडल्या तेव्हा बोल मात्र बाईलाच लागला. आणि आपण तरी काय केले? इंजिनाचे ऑइल तारखेला बदलणारा गडी घरच्या चुलीत वाकून बघत नाही.

आमचे म्हणणे एवढेच : सुटा पंखा, जाळी आणि तालुक्याला एक दुरुस्ती करणारा, हे लेखी मिळाल्याशिवाय कोणाचीही चूल घेऊ नका, फुकट दिली तरी. आणि आपलाच काडीकचरा कांडी होऊन कोणत्या भावाने परत येतो, तेही आधी विचारा.

मेळाव्याला येताना माळ्यावरची चूल घेऊन या. जेवणानंतर मंडपामागे उघडून बसू. तार आणि कुंचा घरचा आणा, आणि गडीमाणसांनीही यावे.