‘मी आत ओढत नाही, डॉक्टर!’ : सिगारच्या नव्या शौकाबद्दल चार स्पष्ट शब्द

काही महिन्यांपूर्वी एक पेशंट आला. वय छत्तीस, अंबडला स्वतःचं छोटं वर्कशॉप, राहायला कॉलेज रोडला. तक्रार साधी होती. मिसळ खाल्ली की तोंडाची आग होते, पूर्वी अशी होत नव्हती. तोंड उघडायला सांगितलं. टाळू पांढुरकी आणि जाडसर झालेली, तिच्यावर बारीक लाल ठिपके. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा, खरवडून न निघणारा.

“तंबाखू खाता?”
“छे!”
“गुटखा, मावा, मिश्री?”
“नाही हो सर.”
“सिगारेट?”
“आयुष्यात हात लावला नाही. फक्त सिगार. तोही आत ओढत नाही.”

दोन वर्षांपासून आठवड्याला तीन-चार. सुरुवात एका लग्नात झाली, तिथे लॉनच्या कोपऱ्यात सिगारचं काउंटर होतं. मग व्हिडिओ पाहून शिकणं, कटर, खास लायटर, आणि आता घरी लाकडी पेटी. हे सगळं त्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं. मी नेहमीचं भाषण सुरू करणार, एवढ्यात तो हसून म्हणाला, “पण सर, तुम्हीसुद्धा घेता की! फोटो पाहिला मी.”

फोटो खरा होता. आमच्या बॅचचं गेट-टुगेदर गंगापूर धरणाजवळच्या एका फार्महाउसवर झालं होतं. परदेशातून आलेल्या मित्राने सिगारची पेटी उघडली, आणि आम्ही आठ डॉक्टरांनी, त्यात एक कान-नाक-घसातज्ज्ञ, तोंडात सिगार धरून फोटो काढला. “एखाद्याने काय होतंय” असं मीही म्हणालो होतो. त्या पेशंटपुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख. तो सिगारच्या शौकाविरुद्ध आहे आणि माझ्या त्या फोटोविरुद्धही आहे.

नवशिक्यांना सिगारबद्दल जी चार-पाच वाक्यं ऐकवली जातात, ती एकेक करून तपासू या.

१. “धूर आत घ्यायचाच नसतो, त्यामुळे अपाय नाही”

सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवं वाक्य हेच. ते समजून घ्यायला पानटपरीवर चला. तंबाखू मळणारा माणूस तिला चुना का लावतो? चवीसाठी नाही. तंबाखूतलं निकोटिन आम्लधर्मी वातावरणात असेल तर ते तोंडाच्या नाजूक त्वचेतून सहज आत जात नाही. वातावरण अल्कधर्मी झालं की निकोटिन मोकळं होतं आणि गालातून थेट रक्तात उतरतं. चुना हेच काम करतो.

सिगारेटच्या तंबाखूचा धूर साधारणपणे आम्लधर्मी असतो. त्यामुळे निकोटिन मिळवायचं तर तो फुप्फुसात ओढावा लागतो. सिगारची पानं मात्र हवेवर वाळवून महिनोन्‌महिने आंबवलेली असतात. तिचा धूर अल्कधर्मी असतो. म्हणजे चुना लावण्याचं काम कारखान्यातच झालेलं असतं. धूर तोंडात घोळवला तरी निकोटिन पोचतं. सिगार आत ओढावी लागत नाही याचं कारण ती सौम्य आहे हे नव्हे. तिला फुप्फुसांची गरजच पडत नाही.

आता सांगा, तंबाखू तोंडात धरून निकोटिन घेणं या प्रकाराला आपल्याकडे काय म्हणतात? ज्याला आपण नाक मुरडतो, तीच तंबाखू-चुन्याची गोळी सूट-बूट घालून आली आहे, एवढंच. रोग होण्याच्या जागाही ओळखीच्याच आहेत : ओठ, जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका. धूर न ओढणाऱ्यांच्याही तोंडातून लाळ खाली जातेच, आणि लाळेबरोबर धुरातली घाणही जाते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. धूर आत न ओढणाऱ्या सिगारवाल्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटवाल्यापेक्षा कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नाही. आणि तोंड-घशाच्या बाबतीत तर ही सूटही फारशी मिळत नाही.

२. “महिन्यातून एखादीच. सिगारेटसारखं दिवसाला दहा नाही”

मोजमापच चुकतंय. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर एक सविस्तर अहवाल काढला होता. त्यानुसार अनेक मोठ्या सिगारमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम निकोटिन असतं. सिगारेटमध्ये ते साधारण ८ मिलिग्रॅम. सगळंच शरीरात जात नाही हे खरं, पण एक मोठी सिगार तास-दीड तास चालते. “एकच घेतली” हे म्हणणं म्हणजे “मी एकच घेतो, बाटली” म्हणण्यासारखं आहे.

पहिल्यांदा ओढणाऱ्याला अनेकदा चक्कर येते, घाम फुटतो, मळमळतं, उलटी होते. जाणकार मंडळी सांगतात, रिकाम्या पोटी घेऊ नकोस, जवळ साखर ठेव. वैद्यकीय भाषेत ही निकोटिनची सौम्य विषबाधा आहे. ज्या छंदाच्या पहिल्या धड्यातच विषबाधेचे उपाय शिकवतात, त्या छंदाबद्दल शंका यायला हवी.

खरोखर वर्षातून एक-दोनदा ओढणाऱ्यांचा धोका नेमका किती, याचा पुरावा रोज ओढणाऱ्यांइतका भक्कम नाही, हेही सांगतो. पण माझा पेशंट वर्षातून एकदावरच सुरू झाला होता. दोन वर्षांत आठवड्याला चारवर आला. निकोटिन हेच काम करतं.

३. “ही नैसर्गिक पानं आहेत, केमिकल काही नाही”

विडीतही नैसर्गिक पानच असतं. धोतराही नैसर्गिक आहे. पान आंबवताना त्यात नायट्रोसअमाइन नावाची, तंबाखूतच सापडणारी कर्करोगकारक द्रव्यं वाढतात. सिगारचं बाहेरचं वेष्टन कागदापेक्षा कमी सच्छिद्र असल्यामुळे जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. हा धूर तासभर खोलीत पसरतो. तुम्ही तो आत ओढत नसाल, पण शेजारी बसलेली बायको आणि आतल्या खोलीतली मुलं श्वास घेतातच. त्यांना “आत ओढू नका” असं सांगता येत नाही.

४. “व्यसन नाही हो, हा संग्रह आहे”

नाणी जमवणारा नाणी खात नाही. तिकिटं जमवणारा तिकिटं पेटवत नाही. सिगारचा संग्रह मात्र संपवण्यासाठीच असतो आणि संपला की भरावा लागतो.

माझ्या पेशंटच्या पेटीत आर्द्रता मोजायचा काटा आहे. आत ६५ ते ७० टक्के ओलावा राहायला हवा. नाशिकचा एप्रिल कोरडा, जुलै ओलाचिंब; त्यामुळे तो रोज झाकण उघडून बघतो, जसं आजी लोणच्याच्या बरणीकडे बघायची. यातली मेख लक्षात घ्या. तंबाखू सोडायची असेल तर आम्ही पहिला सल्ला देतो : घरात साठा ठेवू नका. इथे साठा हाच छंद आहे. रोज बघायचा, वास घ्यायचा, जपायचा. इतकी काळजी घेतलेली वस्तू सोडणं सिगारेटचं पाकीट फेकण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

पेटी भेट देण्याची पद्धतही यातलीच. अमेरिकेचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट १८६२ च्या एका विजयानंतर सिगार ओढणारा वीर म्हणून गाजले. लोकांनी प्रेमाने त्यांना सिगारच्या पेट्यांवर पेट्या पाठवल्या. १८८५ मध्ये ते घशाच्या कर्करोगाने गेले. सिग्मंड फ्रॉइड तर स्वतः डॉक्टर. १९२३ मध्ये त्यांना तोंडाचा कर्करोग निघाला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूच्या जागी कृत्रिम तुकडा बसवावा लागला, बोलणं-खाणं यातनामय झालं. तरीही सिगार सुटली नाही. १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. मनाचे व्यवहार जगाला समजावून सांगणाऱ्या माणसालाही सोडता आली नाही, तिला “नुसता छंद” म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

५. “वाइनबरोबर तर हवीच”

हे वाक्य खास आपल्या नाशिकचं. वाइनचं शहर म्हणून आपलं नाव झालं, त्याबद्दल मला राग नाही. पण वाइन किंवा व्हिस्कीबरोबर सिगारची ‘जोडी’ जमवायला शिकवणाऱ्यांनी पुढचं वाक्यही सांगावं. मद्य आणि तंबाखू दोन्ही तोंड-घशाच्या कर्करोगाची कारणं आहेत आणि एकत्र आली की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, जवळपास गुणाकार होतो. चवीची जोडी जमते तशी रोगाचीही जमते.

हा शौक आपोआप आलेला नाही

अमेरिकेत सिगारची विक्री अनेक वर्षं घसरत होती. १९९२ मध्ये सिगारला वाहिलेलं एक चकचकीत मासिक निघालं, मुखपृष्ठांवर सिनेतारे झळकू लागले, आणि १९९३ नंतरच्या पाच वर्षांत खप जवळपास निम्म्याने वाढला. लोकांना अचानक चव कळू लागली असं काही झालं नव्हतं. सिगार म्हणजे यश, असं चित्र विकलं गेलं. आपल्याकडे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे आणि त्या कायद्यात सिगार-चिरूटही येतात. पण लग्नातलं काउंटर, मित्राचं स्टेटस आणि डॉक्टरांचा ग्रुप फोटो यांना कोण जाहिरात म्हणतं? त्या संध्याकाळी मी फुकटात जाहिरात केली.

आणि विडीवाल्याचं काय?

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. आपल्या जिल्ह्यातलं सिन्नर पूर्वापार विड्यांसाठी ओळखलं जातं. बायकांनी घरोघरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या, नाकात तंबाखूची धूळ गेली. सिन्नरहून येणाऱ्या म्हाताऱ्याच्या खिशात विडीचं बंडल दिसलं की मी आवाज चढवतो : “बाबा, मरायचंय का?” आणि हजार रुपयांची सिगार ओढणाऱ्याशी मी “सर, जरा कमी करा” असं बोलतो. पान एकाच झाडाचं. फरक फक्त ओढणाऱ्याच्या खिशाचा.

कायद्यातही तीच गंमत. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली, कारण सुट्या विक्रीत पाकिटावरचं धोक्याचं चित्र गिऱ्हाइकाला दिसत नाही. लग्नाच्या काउंटरवर सिगार एकेकच हातात दिली जाते. तिथे कुठलं चित्र दिसतं?

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले फक्त ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे धूम्रपान ही त्यातल्या त्यात आपण आटोक्यात ठेवलेली गोष्ट. ज्या सुशिक्षित घरांतून सिगारेट गेली, त्याच घरांत ती आता जाड होऊन, लाकडी पेटीत बसून परत येते आहे.

मग करायचं काय?

• सुरू केली नसेल तर करू नका. ‘नवशिक्यांसाठी सौम्य’ अशी कुठलीही सिगार नसते. सौम्य असते ती चव, निकोटिन नव्हे.

• ओढत असाल तर महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड तपासा. गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन बोटं मावतील इतकं तोंड न उघडणं, बसलेला आवाज, गिळताना अडकणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर किंवा दंतवैद्य गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला दुखत नाहीच.

• सोडताना चिडचिड, झोप न लागणं असं झालं तर ते व्यसन होतं एवढं कळून घ्या, लाजू नका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. औषधोपचारही उपलब्ध आहेत.

• घरात लग्न असेल तर कॅटररला आधीच सांगा : सिगारचं काउंटर नको. पाहुण्यांमध्ये सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात आणि ती सगळं बघत असतात.

माझ्या पेशंटच्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता, पण पेशींमध्ये सौम्य बदल सुरू झाले होते. टाळू सोडल्यावर बहुधा पूर्ववत होते. गालाच्या चट्ट्यावर मात्र नजर ठेवावी लागणार आहे, दर तीन महिन्यांनी. रिपोर्ट वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, “पेटीत अजून चाळीस आहेत सर. महागाच्या आहेत. कुणाला देऊन टाकू?”

“कुणालाच नको,” मी म्हटलं. “पाण्यात भिजवा आणि कचऱ्यात टाका.”

त्या रात्री मी बॅचच्या ग्रुपवर लिहिलं, तो फोटो सगळीकडून काढा. सात जणांनी काढला. एकाने विचारलं, “एवढं काय मनावर घेतोस?” त्याच्यासाठी हा लेख लिहिला आहे.