हा बिल्ला दिला कुणी?

परवा मोबाईलवर एक जाहिरात आली. पितळी ताऱ्याचा बिल्ला, भोवती ‘इमर्जन्सी कम्युनिकेशन’, खाली ‘ऑफिसर’. अमेरिकेत हॅम मंडळींसाठी असे बिल्ले विकले जातात. लांबून बघितलं तर थेट शेरीफच! इथल्या जाहिरातीचा सूरही तोच, हा लावा, कुणी अडवणार नाही.

अहो, पण अडवायलाच हवं ना? हॅमला परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारा कॉलसाईन मिळतो. त्यावर रेडिओ चालवता येतो, बॅरिकेड ओलांडता येत नाही. २००१ला भूजमध्ये, २००४च्या त्सुनामीत अंदमानात हॅमनी निरोप पोचवले, ते काय बिल्ल्याच्या जोरावर?

आणि विकणारा कॉलसाईन विचारतच नाही. पैसे टाका, बिल्ला घरपोच. उद्या पुरात एखादी मावशी तो तारा बघून घराची किल्ली भलत्याच माणसाच्या हातात देईल, त्याचं काय? लोकसेवकाचं चिन्ह फसवायच्या हेतूने मिरवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०५ आहे, पण ते मिरवणाऱ्याला. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर आहे, पण इथे गिऱ्हाईक फसतच नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. फसते ती मावशी, जिने काही विकतच घेतलेलं नाही.

हॅम मित्रांनो, जॅकेटवर मोठ्या अक्षरात कॉलसाईन लिहा, गळ्यात जिल्हा प्रशासनाने त्या कामापुरतं दिलेलं ओळखपत्र घाला. ती जाहिरात मी रिपोर्ट केलीय. तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा.